शेजारच्या सीटवरचे परीक्षक

४ ऑक्टोबर

गाडी आली, आणि ती माझ्या नावावर आली. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं, आणि तेवढ्यात चार कप चहा झाला.

छोटी एसयूव्ही म्हणतात हिला. पुढून बघितली तर पैलवान, बाजूने बघितली तर शाळकरी पोर. उंची भरपूर आणि लांबी आखडती. रंग शेवाळी, तो मी निवडला. शोरूमची बाई लाल घ्या, लाल घ्या म्हणून मागे लागली होती. मी तिला म्हटलं, बाई, मी पडदे शिवते, कुठला रंग दोन वर्षांत विटतो ते मला विचारा. घरी येईपर्यंत मी गाडीचं नाव ठेवलं होतं, ठेंगणी.

आता खरी गोष्ट. जुनी गाडी यांनी परस्पर विकली. मला सांगितलं ते गिऱ्हाईक चावी घेऊन गेल्यावर. मी भांडायला पदर खोचणार, तेवढ्यात म्हणाले, "नवी तुझ्या नावावर घेतोय. तूच चालवायची." मी गारच पडले. या माणसाने सगळी नोकरी लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेण्यात घालवली. गावातल्या निम्म्या लोकांना पहिल्या खेपेला नापास केलं. आणि मला लायसन्स मिळून वीस वर्षं झाली तरी घरच्या गाडीचं स्टिअरिंग कधी हाती लागू दिलं नाही. माझं लायसन्स आजवर फक्त ओळखपत्र म्हणून चाललं. निवृत्तीनंतर माणसाला उपरती होते म्हणतात, ती ही असावी.

अट मात्र घातलीच. लेकीचे दिवस डिसेंबरच्या मध्याला भरतायत आणि ती घाटापलीकडच्या शहरात. मला स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जायचंय. बाळंतपणाला आई बसमधून बोचकी सावरत उतरली असं नाही, तर आई गाडीतून उतरली असं. हे म्हणाले, "घाटात न्यायची तर आधी माझ्याकडून पास व्हायचं. मी रोज शेजारी बसणार. पास म्हणेन तेव्हाच घाट."

मी म्हटलं, मंजूर. मनात म्हटलं, पंधरा दिवसांत पास होऊन दाखवते.

५ ऑक्टोबर

पहिली परीक्षा. नापास.

ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो. ब्रेकवरचा पाय उचलला की ती आपली आपण सरकायला लागते, रांगायला शिकलेल्या पोरासारखी. माझा डावा पाय मात्र नसलेला क्लच शोधत राहिला आणि एकदा ब्रेकवर असा पडला की आम्ही दोघेही काचेला नमस्कार करून आलो. हे शांतपणे म्हणाले, "डावा पाय घरी ठेवून येत जा."

पण काय उंचावर बसायला मिळतं. कुंपणांच्या वरून दिसतं. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या आतून बघितल्या, आज पहिल्यांदा रस्त्यावरून रांगेने बघितल्या. कोपऱ्यावरच्या बँकेचे पडदे उलट्या बाजूने शिवलेत. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे कमाल आहे.

यांची परीक्षा घ्यायची पद्धत अजब आहे. स्वतः समोर बघत बसायचं आणि प्रश्न विचारायचे.

"समोर काय आहे?"

"ट्रक."

"कुठल्या रंगाचा?"

"निळा."

"मागे काय लिहिलंय?"

"अंतर ठेवा."

"मग ठेव की."

पुढे सिग्नल. कुठला लागलाय? लाल. बरोबर. वरच्या बोर्डावर काय? डावीकडे इस्पितळ, सरळ स्टेशन. बरोबर. मी विचारलं, "परीक्षा म्हणजे चालवणं बघायचं ना? मला वाचायला काय लावताय?" तर म्हणाले की चालवणारा काय बघतो ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, म्हणजे त्याचं लक्ष कुठे आहे ते कळतं. खरा उस्ताद माणूस आहे. लोक यांना घाबरायचे ते उगाच नाही.

घरी आल्यावर निकाल दोन शब्दांत. "आज नाही."

९ ऑक्टोबर

आज ठेंगणीला कामाला जुंपलं. डॉक्टरीण बाईंच्या नव्या दवाखान्याचे पडदे, आठ खिडक्या. मागची सीट आडवी केली तर कापडाचे तागे नीट झोपतात आणि रॉड दोन सीटांच्या मधून थेट पुढच्या काचेपर्यंत येतात. याआधी हेच रॉड घेऊन मी बसमध्ये चढायचे तेव्हा लोक आपापले डोळे सांभाळायचे.

दोष लिहायलाच हवेत, नाहीतर मी शोरूमच्या बाईची बहीण वाटायचे. डिकीचा उंबरा उंच आहे, तागा उचलून पलीकडे टाकताना कंबर बोलते. एसी कमी करायला काचेच्या स्क्रीनवर बोट नाचवावं लागतं, साधं गोल बटण द्यायला कंपनीचं काय जात होतं कोण जाणे. आणि सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद पडतं. पेट्रोल वाचावं म्हणून म्हणे. मला वाटलं गाडी मेली. मी घाबरून धोक्याचे दिवे लावले, मागच्यांनी हॉर्नचा गजर केला, आणि हे हसायला लागले. पोट धरून हसत होते. कितीतरी महिन्यांनी यांना असं हसताना बघितलं, म्हणून मीही रागवायचं विसरले.

दवाखान्यात हे वरपर्यंत आले. टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले. मी म्हटलं, किती आलं सांगा. तर म्हणाले, "तू वाच. धंदा तुझा आहे." निवृत्त झाले तरी साहेबी जात नाही. पण आले हे काय कमी आहे? आधी कधी माझ्या कामावर पाऊल ठेवलं नव्हतं, आता म्हणतात रोज येईन.

निकाल: आज नाही.

१७ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरची दंतवैद्यीण जिन्यात भेटली. चेहरा पाडून म्हणाली, "काकांचा माझ्यावर राग आहे का? दोनदा समोरून गेले, बघितलंही नाही." मी सारवासारव केली. घरात येऊन यांना फैलावर घेतलं. "शेजारधर्म म्हणून काही असतो. ती बिचारी तुमच्या दाढा फुकट बघते." हे म्हणाले, "उद्या जाऊन बोलतो."

माणूस थोडा बदललाय खरा. हल्ली माझ्याकडेही सरळ बघत नाहीत. मान जराशी वळवून तिरकं बघतात, उमेदवार खोटं बोलतोय की खरं ते जोखावं तसं. परवा मी म्हटलं, माझ्या तोंडावर काही लागलंय का? तर म्हणाले, "नाही. चांगली दिसतेस." आता या वयात असं ऐकून भांडण कसं पुढे न्यायचं?

आज मी आग्रह धरला की तुम्ही चालवून बघा. वळणावर ही थोडी झुकते, उंच असल्यामुळे असेल, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. अजिबात ऐकलं नाही. "ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नव्हे, पाळणा. पाळण्यात बसायचं असतं, तो चालवायचा नसतो." नाचता येईना अंगण वाकडं. नवं तंत्र शिकायची लाज वाटते पुरुषांना, दुसरं काही नाही. मी मात्र डाव्या पायाला घरी ठेवायला शिकले.

२९ ऑक्टोबर

मागे घेऊन गाडी लावणं, हा आजचा धडा. मागे कॅमेरा आहे, स्क्रीनवर पिवळ्या-लाल रेघा येतात, भिंत जवळ आली की पीप पीप सुरू होतं. मी कॅमेऱ्याकडे बघून घेत होते. हे म्हणाले, "त्याच्याकडे बघू नकोस. काच चिखलाने भरली की तो गेला. आवाज ऐक." आणि डोळे मिटून मला सांगत सुटले. अजून जागा आहे. अजून. आता सावकाश. थांब. उतरून बघितलं तर भिंतीत आणि बंपरमध्ये माझा तळहात मावेल एवढी फट.

गाडी चालवत नाहीत पण तिची भाषा माझ्याआधी शिकले. दुपारी मी शिवत असताना हे खाली जाऊन नुसते गाडीत बसतात, बटणं चाचपून बघतात, दार उघडझाप करतात. माझ्या ठेंगणीवर माझ्याइतकाच यांचाही जीव जडलाय. बोलून दाखवणार नाहीत एवढंच.

एका टाकीत कंपनी म्हणते त्याच्या पाऊण अंतरच जाते. यावर हे म्हणाले, "नवऱ्यांचंही तसंच असतं."

निकाल: आज नाही. पण आवाज जरा नरम होता.

८ नोव्हेंबर

आज हमरस्ता. इतकी मजा आली की जेवणावर लक्ष नव्हतं.

शहरात हिचं स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं. वेगात गेली की ते आपोआप जड होतं, हाताला भरवसा वाटतो. खड्डे ठेंगणी मुकाट गिळते. ओव्हरटेक करताना मात्र ऐन वेळी कुरकुरते. पाय दाबला की आधी विचार करते, मग ओरडते आणि मग पळते. लेकीला भांडी घासायला सांगितलं की ती अगदी असंच करायची. आणखी एक गंमत म्हणजे पांढऱ्या रेघेवर चाक जायला लागलं की स्टिअरिंग स्वतः मला आत ओढतं. पहिल्यांदा ओढलं तेव्हा मला वाटलं यांनीच हात घातला. मी ओरडले, "हात काढा." हे दोन्ही हात वर करून बसले होते.

सगळं छान झालं तरी निकाल तोच. कारण काय, तर मी आरसे कमी बघते. मी चिडलेच. "तुम्ही तर सगळा वेळ खिडकीकडे मान करून बसला होतात. मी आरसे बघितले की नाही ते तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले, "परीक्षकाला कळतं." बघता बघता पाच आठवडे गेले. असं चाललं तर नातवंड बारशाला स्वतः गाडी चालवत येईल.

१९ नोव्हेंबर

आज मी परीक्षकांचीच फिरकी घेतली. लिहितानाही हसू येतंय.

शाळेच्या रस्त्याला बोर्ड होता, वेग तीस. यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोर्डावर काय?" मी अगदी साळसूद आवाजात म्हटलं, "साठ."

"बरोबर. मग साठपर्यंत जायला हरकत नाही."

मला वाटलं हे माझी परीक्षा बघतायत. मी तीसवरच ठेवली. थोडं पुढे शाळेचं चिन्ह, हातात हात धरलेली दोन पोरं. "आणि हे काय?" मी म्हटलं, "पेट्रोल पंप आहे पुढे." हे म्हणाले, "बरोबर. टाकी किती भरलेली आहे?"

म्हणजे परीक्षक डुलक्या काढतायत. तोंडाने प्रश्न विचारायचे आणि उत्तराकडे लक्ष द्यायचं नाही, सरकारी नोकरीची सवय. पण मी याचा अर्थ चांगला घेतला. लक्ष द्यायची गरज वाटत नाही म्हणजे माझ्यावर विश्वास बसलाय. आता निकाल लागायला वेळ नाही.

संध्याकाळी लेकीला फोनवर ही गंमत सांगितली. ती हसलीच नाही. म्हणाली, "आई, बाबा हल्ली पेपर वाचतात का गं?" मी म्हटलं, मीच वाचून दाखवते, हे चहा घेत ऐकतात, म्हातारपणी लाड करून घेतायत. ती म्हणाली, "बाबांना फोन दे."

हे फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बोलत होते. बापलेकीचं काहीतरी शिजतंय. मला पास करायचं आणि वर काही भेट द्यायची असा बेत असणार.

२ डिसेंबर

आजचा दिवस वाईट गेला. राग आलाय तोवर लिहून टाकते.

सकाळी मी चहा घेऊन जात होते तर हे फोनवर लेकीला म्हणत होते, "जावयांना घ्यायला पाठवू नकोस. घाट तिला सहज जमेल. मी सांगतो ना." कप हातातून पडायचा बाकी राहिला. दुपारी आम्ही टेकडीचा रस्ता केला, चढावर थांबून पुन्हा निघाले. ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर धरून ठेवते, मागे घसरत नाही, मी एकदाही चुकले नाही. घरी येऊन यांच्याकडे बघत उभी राहिले. म्हणाले, "आज नाही."

मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "लेकीला एक सांगता आणि मला एक. काय राहिलंय माझं? एकदा सांगून टाका."

"समज काही राहिलं नाही असं म्हटलं, तर काय करशील?"

"काय करणार? एकटी जाईन कामाला. रोज तुम्हाला पळवायची मलाही हौस नाही. तुम्ही घरी आराम करा."

जेवताना यांनी भाजीची वाटी पाण्याच्या पेल्याला धक्का लावून सांडली. मी फडक्याने खसाखसा पुसून घेतलं. सगळ्या गावाला नापास केलं तेव्हा समाधान झालं नाही, आता बायको सापडली आहे. मला रडू आलं ते मी मशीनवर बसून आटोपलं.

११ डिसेंबर, लेकीच्या घरी

कालचा दिवस लिहिते. हात अजून दुखतायत, स्टिअरिंग फार घट्ट धरलं होतं.

काल सकाळी लेकीचा फोन आला, दिलेल्या तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या. जावई तिला घेऊन इस्पितळात निघाले होते. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "पास-नापास नंतर बघू. बॅगा भर."

पायथ्यापर्यंत ठेंगणी वाऱ्यासारखी आली. घाट सुरू झाला तेव्हा ऊन होतं. मी वळणं मोजून-मापून घेत होते, हे एक प्रश्न विचारत नव्हते. अर्ध्या घाटात धुकं उतरलं. आधी झाडं गेली, मग कठडा गेला, मग बॉनेटच्या पुढचं सगळंच गेलं. स्क्रीनवर अक्षरं आली की पुढच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, रेघा सांभाळायची सोय बंद करत आहे. त्या मशीननेही हात टेकले. एका रुंद जागी बंद टपरी होती, तिच्या आडोशाला मी गाडी आत घेतली आणि धोक्याचे दिवे लावले. उतरून यांच्या बाजूला गेले आणि दार उघडलं.

"उतरा. आता तुम्ही घ्या."

"मी नाही घेणार."

"अहो, लेक तिकडे कळा देतेय. ऑटोमॅटिक आहे की पाळणा आहे ते नंतर ठरवू. हट्ट सोडा."

"हट्ट नाही. मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. धुकं आहे."

"मी धुक्याचं बोलत नाहीये," हे म्हणाले. "आत येऊन बस. गारठशील."

मी येऊन बसले. यांनी समोर बघतच सांगितलं. वर्ष होऊन गेलं. आधी एका डोळ्याच्या मध्यभागी डाग आला, मग दुसऱ्या. एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उपाय नाही. पूर्ण अंधार होणार नाही, कडा राहतील, मधलं जाईल. "तुझ्याकडे सरळ बघितलं की तुझं तोंड जातं. जरा तिरकं बघितलं की थोडं येतं."

मला एकामागून एक सगळं आठवायला लागलं. दंतवैद्यीण, टेप, पेपर, सांडलेली वाटी. मी किती बडबडले होते त्यावरून. आणि तरी पहिला शब्द तोंडातून निघाला तो भलताच. "म्हणजे मी साठ म्हटलं तेव्हा?"

"तेव्हा माझ्यासाठी साठच होता. तू सांगशील तोच बोर्ड."

"मी खोटं बोलले होते."

"लेकीने सांगितलं नंतर. तू तीसवरच चालवत होतीस, तेही इंजिनच्या आवाजावरून मला कळलं होतं. म्हणून तर तिला म्हटलं की घाट जमेल."

"मग मला का नाही सांगितलंत? रोज आज नाही, आज नाही. मी रडले होते हो."

हे म्हणाले, "पास केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू एकटी गेली असतीस. मी घरी बसून काय केलं असतं? या सीटवर बसलं की मला वाटायचं अजून कामावर आहे."

मला राग यायला हवा होता. आलाही असता, पण त्याआधी या माणसाची इतकी दया आली आणि इतकं प्रेम आलं की मी यांचा हात धरून नुसती बसले. वर्षभर एकाच घरात राहून मला कळलं नाही याची शरमही वाटली. मग स्क्रीनवरची अक्षरं दाखवत म्हटलं, "गाडीलाही दिसत नाही म्हणतेय. तुम्ही काही एकटे नाही." अक्षरं यांना वाचता येत नाहीत हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. मग वाचून दाखवली. हे हसले.

मग परीक्षकच बोलायला लागले. "रस्त्याची पांढरी कड आहे ना, ती मला दिसते. समोर बघत बसलो की ती बरोबर माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात येते. कड मी सांभाळतो. मधलं तू सांभाळ. काच खाली घे आणि गाडी सोड, चालण्याच्या वेगाने."

मी म्हटलं, "चुकलो तर?"

"तर दोघं मिळून चुकू. चल."

काच खाली घेतली. धुकं आत येत होतं. हे सांगत होते, कड जवळ आली, जरा आत घे, ठीक, रेघ वळतेय, वळव, अजून वळव, सरळ. मी समोरून येणाऱ्या दिव्यांचे पिवळे डाग शोधत होते आणि दिसले की सांगत होते. वाहन येण्याआधी त्याचा आवाज यांना ऐकू यायचा. एका वळणावर दोघंही एकदम "थांब" म्हणालो आणि समोरून अख्खी बस गेली. किती वेळ हे चाललं मला माहीत नाही. मग एकाएकी कठडा दिसला, मग झाडं, आणि खाली शहर उन्हात वाळत पडलेलं.

इस्पितळात पोचलो तेव्हा नात होऊन थोडा वेळ झाला होता. लेक दमून पडली होती. मला म्हणाली, "तू चालवत आणलंस?" मी म्हटलं, "आम्ही."

१४ डिसेंबर

नात तीन किलोची आहे आणि तिचा आवाज ठेंगणीच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे. हे तिला मांडीवर घेऊन मान वळवून बसतात, जिकडून दिसते तिकडून बघतात. परवा मी मध्ये मध्ये सांगायला गेले की नाक तुमच्यावर गेलंय, तर म्हणाले, "गप्प बस, नाक मला दिसलंय. कान शोधतोय."

लेक माझ्यावर चिडली होती, तिला संशय आला तेव्हाच मला कसा आला नाही म्हणून. मी ऐकून घेतलं, कारण ती बरोबर होती. यांच्यावरही चिडली. दोघांना एकत्र ओरडून घेतल्यावर तिला बरं वाटलं आणि तिने पोटभर जेवून घेतलं.

२८ डिसेंबर

आज परत आलो. लेकीकडे राहायला तिची सासू आली आहे आणि माझं दवाखान्याचं उरलेलं काम खोळंबलंय.

घाट लख्ख होता. जाताना दिसली नव्हती ती दरी आज दिसली, आणि दिसली नव्हती तेच बरं झालं. मी न विचारता सांगत होते. पुढे ट्रक आहे, लाकडं भरलेली. डावीकडे तळं, पाणी हिरवं. एक माणूस मोटरसायकलवर कपाट घेऊन चाललाय, याला तुम्ही नापासच केलं असतं. हे म्हणाले, "याला मी पासच केला होता बहुतेक." उतारावर गाडी स्वतःच खालचा गिअर घेते, इंजिनचा आवाज जरा चढतो, ब्रेक तापत नाहीत. हे मला माहीत होतं तरी यांनी समजावून सांगितलं आणि मी नवीन असल्यासारखं ऐकून घेतलं.

उद्यापासूनचं काय ते मी घाटातच सांगून टाकलं. "मला कामावर टेप धरायला माणूस लागतो. पास करा नाहीतर नापास करा, रोज यायचं." हे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं विचार करतायत. सपाटीला लागल्यावर मी म्हटलं, "बोर्ड आलाय, विचारणार नाही का?" उत्तर नाही. वळून बघितलं तर हे झोपले होते. मान मागे टाकून, तोंड उघडं, हात मांडीवर मोकळे.

आमच्या सबंध संसारात हा माणूस कुणाच्या शेजारी गाडीत झोपलेला मी बघितला नाही. टॅक्सीत नाही, रात्रीच्या प्रवासात नाही, स्वतःच्या भावाने गाडी चालवली तरी नाही. उजवा पाय कायम ताठ असायचा, नसलेला ब्रेक दाबायला तयार. आज तो पाय सैल पडला होता आणि चप्पल निघाली होती.

निकाल मला मिळाला. अख्खा गाव ज्याला घाबरायचा त्याच्याकडून मिळाला आणि एक शब्दही न बोलता मिळाला. मला इतका आनंद झाला की जोरात गाणं म्हणावंसं वाटलं, पण हे जागे झाले असते.

रेडिओ बंद केला. स्पीडब्रेकर आले की ठेंगणीला हळूच त्यांच्यावरून उतरवलं. घराची गल्ली आली तेव्हा वळायचा दिवा लावला आणि पुन्हा बंद केला. टाकीत अजून पेट्रोल होतं, म्हणून बँकेवरून, स्टेशनवरून एक लांबचा फेरा मारून आले.